फीडची नोंद: थेंब, धार, पूर

मागची नोंद लिहिली तेव्हा माझ्या रीडरमध्ये, म्हणजे संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका जागी गोळा करणाऱ्या ॲपमध्ये, २१४ फीड (संकेतस्थळांच्या ताज्या नोंदींच्या याद्या) होते. आता ९१ उरलेत आणि वाचन मात्र वाढलंय.

गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, तेव्हा उतरवून घेतलेली ओपीएमएल फाईल (फीडच्या पत्त्यांची यादी) मी एका रीडरमधून दुसऱ्यात तशीच नेत आलो होतो. या वेळी फ्रेशआरएसएस या रीडरमध्ये चढवताना एकेक पत्ता तपासला. ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, असं उत्तर देणारे उडवले. वर्षानुवर्षं गप्प असलेले मात्र ठेवले. हे काहींना पटणार नाही, पण गप्प फीडचा भार असतोच किती? रीडर विचारतो, ‘काही बदललं का?’ सर्व्हर ३०४, म्हणजे ‘काही नाही’, म्हणतो, विषय संपला. अशाच एका फीडवर १९ महिन्यांनी डेटाबेसच्या इंडेक्सवरचा लेख आला. कामाचं इतकं सकस मी या वर्षात दुसरं वाचलेलं नाही.

त्यावरूनच विषयवार फोल्डर मोडीत काढायचं ठरवलं. ‘काम’ या फोल्डरात पोस्टग्रेस या डेटाबेसच्या नव्या आवृत्त्यांचं फीड, वर्षाकाठी दोनदा लिहिणारा एक डेटाबेसवाला आणि दिवसाला चाळीस बातम्या ओतणारं एक संकेतस्थळ असे तिघे शेजारी होते. तिसऱ्याने पहिल्या दोघांना गाडलं. मीही कंटाळून ‘सगळं वाचलं’ दाबायचो, आणि त्यात एकदा सुरक्षा-दुरुस्तीची आवृत्ती निसटली. आता फोल्डर वेगावर आहेत: थेंब (क्वचित येणारे), धार (मधले), पूर (दिवसभर ओतणारे). थेंबमधलं काहीही न उघडता वाचलेलं करायचं नाही, हा एकच कडक नियम. पूर फक्त मथळ्यांपुरता. दोन दिवसांत आपोआप साफ.

फीड किती वेळाने तपासायचं हेही मी उलटं धरून बसलो होतो. मोलाचं तेवढं वारंवार तपासावं असं वाटायचं. पण फीडमध्ये ताज्या मोजक्याच नोंदी असतात: यूट्यूब चॅनेलच्या फीडमध्ये १५, वर्डप्रेसच्या मूळ सेटिंगला १०. म्हणजे घाई पुराची. तिथे दिवसातून एकदा गेलं तर मधल्या नोंदी हातच्या जातात. थेंबाला दिवसातून एक फेरी पुष्कळ झाली, पूर तासातासाने.

छंदाच्या बाजूला सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या संकेतस्थळाच्या ग्रहविज्ञान विभागाने. त्यात नव्या निबंधांसोबत जुन्यांच्या सुधारित आवृत्त्याही येतात, त्या मला नको होत्या. ‘रिप्लेस’ शब्द दिसला की वाचलेलं समज, असा फिल्टर लावला आणि खूश झालो. आठवड्याने लक्षात आलं, की ज्यांच्या सारांशात तो शब्द सहज आला होता असे नवे निबंधही त्यात गेले. आता वर्णनाच्या सुरुवातीला असणारं ‘अनाउन्स टाइप: रिप्लेस’ हे पूर्ण वाक्यखंड शोधतो. गेल्या पंधरा दिवसांत चूक सापडलेली नाही.

एक दुखणं शिल्लक आहे. एक संकेतस्थळ दर बदलाला नोंदींचे जीयूआयडी (प्रत्येक नोंदीची ओळखखूण) नव्याने घडवतं, त्यामुळे जुने वीस लेख पुन्हा न वाचलेले होऊन उभे राहतात. लेख थेंबातले, वागणं पुराचं. तूर्त त्याला धारेत बसवलंय.