घाटासाठी ब्रेक : पॅड आधी, डिस्क नंतर

गाडीत बदल करायचे म्हटलं की आधी रीमॅप (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवणं), मग इनटेक (हवा आत घेणारा मार्ग), मग एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा मार्ग) आणि सगळ्यात शेवटी ब्रेक, असाच क्रम बहुतेक गाड्यांच्या बाबतीत दिसतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात तरी तो उलटा हवा. इथून गोव्यात किंवा कोकणात उतरायचं म्हटलं की चोर्ला, अनमोड, आंबोली, तिलारी यांपैकी एक घाट लागतोच. हायवेवर वंटमुरी आणि तवंदी आहेतच. सपाट शहरात फिरणाऱ्या गाडीला कंपनीचे ब्रेक वर्षानुवर्षं पुरतात. तीच गाडी दीडशे-दोनशे हॉर्सपॉवरची असेल आणि घाटात जोरात चालत असेल, तर त्या ब्रेकची मर्यादा लवकर कळते.

थोडा हिशोब करू. चाकाबरोबर डिस्क, म्हणजे बिडाची चकती, फिरते; ब्रेक दाबला की दोन बाजूंनी पॅड तिला घासून धरतात आणि वेगाची उष्णता होते. माणसं आणि सामान धरून 1500 किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवली तर सुमारे 580 किलोज्यूल उष्णता तयार होते. त्यातली 70 टक्के पुढच्या दोन चाकांवर पडते असं धरलं, तर प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला 200 किलोज्यूल येतात. 7 किलोची डिस्क तेवढ्याने 60 अंशांच्या आसपास तापते. एकदा थांबलात तर काहीच बिघडत नाही. पण हीच गाडी 600 मीटर खाली उतरवली की 8.8 मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, म्हणजे शंभरवरून पंधरा वेळा थांबवण्याइतकी. यातला काही भाग इंजिन ब्रेकिंग आणि हवा घेते. उरलेला सगळा पॅड आणि डिस्कवर. त्यात वळणाआधीचा वेग 60 ऐवजी 80 झाला, तर प्रत्येक ब्रेकमागची उष्णता पावणेदोन पट होते. रीमॅपने नेमकं हेच होतं.

पैसे खर्च करण्याआधी आत्ताच्या ब्रेकमध्ये नेमकं काय कमी पडतंय ते ओळखा. पेडल नेहमीसारखं कडक आहे, पाय पूर्ण ताकदीने दाबलाय, पण गाडी आवरत नाही, वर जळका वास येतोय, तर पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापलाय. पेडल मऊ पडून खाली जातंय, दोन-तीनदा पंप केलं की परत वर येतंय, तर ब्रेक ऑइल उकळून वाफ झालीय. पहिल्या दुखण्यावर पॅड बदलायचा, दुसऱ्यावर ऑइल. पेडल मऊ पडतंय म्हणून महागड्या डिस्क घालणाऱ्याला उतरणीवर तोच अनुभव पुन्हा येतो. आणि तापमान चढलेलं नसताना, कोरड्या रस्त्यावर पहिल्याच जोराच्या ब्रेकला एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होत असेल, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे; थांबायचं अंतर टायर ठरवतंय. तेव्हा आधी टायर बघा.

ऑइलवर सगळ्यात कमी खर्च येतो, म्हणून सुरुवात तिथून. ब्रेक ऑइलच्या प्रती ‘डॉट’ आकड्याने ओळखतात. डॉट 4 चा किमान उत्कलनबिंदू नवीन असताना 230 अंश असतो आणि ओलावा शोषल्यावर 155. डॉट 5.1 चे हेच आकडे 260 आणि 180. ही दोन्ही ग्लायकॉल या रसायनावर आधारलेली असतात. असं ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कणकुंबी, जांबोटी, आंबोली पट्ट्यातल्या पावसाळी हवेत गाडी फिरत असेल तर दोन वर्षांची वाट बघू नये. माझ्या मते घाटात चालणाऱ्या गाडीचं ऑइल दरवर्षी पावसाळा संपल्यावर बदलावं. पूर्ण फ्लशला साधारण 1 लिटर पुरतं. सीलबंद डबाच घ्या. अर्धा वापरून ठेवलेला डबा वापरू नका. डॉट 5 हे सिलिकॉनचं, वेगळं ऑइल आहे. नुसता आकडा मोठा दिसतो म्हणून ते भरू नका, एबीएसच्या गाडीत ते चालत नाही.

आता पॅड. दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती डिग्रीपर्यंत टिकतो?’ आपल्याकडे त्याआधी विचारायचा प्रश्न म्हणजे थंड असताना किती पकडतो. ऊस हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, संकेश्वर, निपाणी, खानापूरच्या रस्त्यांवर अंधारात उसाच्या ट्रॉल्या असतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पहाटेच्या थंडीत पंधरा मिनिटं ब्रेकला पाय न लावता आलेली गाडी अशा ट्रॉलीमागे एकदम थांबवावी लागते. शर्यतीच्या ट्रॅकसाठीचा पॅड दीड-दोनशे अंश तापल्याशिवाय नीट पकडतच नाही. त्या एका क्षणी 700 अंशांची क्षमता काही कामाची नाही.

म्हणून रोजच्या आणि घाटाच्या गाडीला ‘फास्ट रोड’ प्रकारचा पॅड घ्यावा, जो थंड असताना कंपनीच्या पॅडइतका पकडतो आणि 450-500 अंशांपर्यंत ढिला पडत नाही. पॅडच्या कडेला किंवा पाठच्या पत्र्यावर छापलेल्या कोडच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर कमी तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं जास्त तापमानातलं. ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. एफएफ किंवा जीजी ठीक. एफई असेल तर तापल्यावर पकड कमी होणार, घाटासाठी तो नको. मात्र ही चाचणी छोट्या नमुन्यावर होते, त्यामुळे हा कोड चाळणीपुरता वापरा. दोन चांगल्या पॅडमधला फरक त्यातून कळत नाही. ईसीई आर90 या बदली पॅडसाठीच्या मानकाचा शिक्का असेल तर तो पॅड मूळ पॅडच्या 15 टक्के मागे-पुढे काम करतो याची तपासणी झालेली असते, म्हणजे एबीएस आणि पुढचं-मागचं संतुलन बिघडत नाही.

सिरॅमिक पॅड शांत असतात आणि रिमवर काळी धूळ कमी बसते, पण सगळे सिरॅमिक घाटाला चांगले असं नाही. बरेचसे निव्वळ आरामासाठी बनवलेले असतात. सेमी-मेटॅलिक पॅड (ज्याच्या मिश्रणात धातू बराच असतो) उष्णता जास्त सोसतो, आवाज करतो, धूळ सोडतो आणि डिस्कही जरा लवकर खातो. माझा कल सेमी-मेटॅलिककडे आहे. धूळ धुता येते. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जाणाऱ्याने ट्रॅकचा वेगळा संच ठेवावा आणि परत निघण्याआधी बदलावा. आणि फक्त पुढे कडक पॅड घालून मागे जुनेच ठेवले की मागची चाकं नुसती हजेरी लावतात. चारही बाजूंना एकाच जातीचे पॅड घ्या.

डिस्कच्या बाबतीत बेळगावच्या माणसाला फार समजवावं लागू नये, कारण ही सगळी बिडाची गोष्ट आहे आणि उद्यमबाग, मच्छे भागात बीड ओतणारे भरपूर आहेत. डिस्क ग्रे कास्ट आयर्नची असते. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता पटकन पसरते आणि कंपनं जिरतात. हाय-कार्बन डिस्कमध्ये हे ग्रॅफाइट जास्त असतं, म्हणून तापणं-निवणं वारंवार झालं तरी ती लवकर तडकत नाही. रस्त्यावरच्या गाडीला माझी पहिली पसंती हीच: साधी, भोकं नसलेली, हाय-कार्बन, व्हेंटिलेटेड (दोन तोंडांच्या मध्ये हवा खेळायला पट्ट्या असलेली), आणि बेल (मधला टोपीसारखा भाग) व हवेच्या पट्ट्यांवर गंजरोधक कोटिंग असलेली डिस्क.

भोकं पाडलेली डिस्क रिममधून छान दिसते. पण प्रत्येक भोकाच्या कडेला ताण साठतो आणि वारंवार तापून तिथूनच केसासारखे तडे निघतात. शिवाय भोकांइतकं बीड कमी, म्हणजे उष्णता साठवायची ताकदही कमी. आमच्याकडच्या तांबड्या मातीचा चिखल भोकांत जाऊन बसतो तो वेगळाच. खाचा असलेली डिस्क त्यापेक्षा बरी: पॅडचा जळका थर खरवडते, पावसात पाणी पुसते, त्या बदल्यात पॅड थोडा लवकर झिजतो आणि जोराच्या ब्रेकला हलकी घरघर येते. डिस्कच्या आतल्या पट्ट्या वक्र असतील तर डावी-उजवी वेगळी असते. पट्ट्यांची बाहेरची टोकं फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली हवीत, तरच हवा आतून बाहेर फेकली जाते. खाचा कुठल्या दिशेला आहेत ते बघून डिस्क बसवू नका, पट्ट्या बघा.

जुनी डिस्क ठेवायची की टाकायची हे जाडी ठरवते. किमान जाडी डिस्कवरच ‘मिन टीएच’ म्हणून कोरलेली असते. मायक्रोमीटरने सहा-आठ ठिकाणी मोजा. व्हर्नियर चालत नाही, कारण झिजलेल्या डिस्कच्या कडेला राहिलेल्या धारेवर तो टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. किमान जाडीच्या अर्धा-एक मिलिमीटरच वर असेल तर नवा पॅड तिच्यावर घालू नका. लेथवर लावून ती आणखी पातळ करणं तर नकोच.

मोठ्या डिस्क आणि चार किंवा सहा पिस्टनचं कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) असलेला पूर्ण किट बहुतेकांना लागत नाही. घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी आधी तपासा. रिममध्ये तो बसतो का, हे किटवाल्याच्या कागदी टेम्प्लेटवर प्रत्यक्ष बघा. पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ मूळच्या जवळ आहे का, नाहीतर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) पुरत नाही आणि पेडल लांब जातं. आणि सगळी ताकद पुढे जाऊन मागचे ब्रेक निकामी तर होत नाहीत ना.

चांगला माल वाया जातो तो बसवण्यात. जुनी डिस्क काढली की हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) गंजाचा थर दिसतो. तो वायर ब्रशने आणि एमरीने स्वच्छ धातू दिसेपर्यंत काढायला हवा. हे काम वेळखाऊ असल्याने सर्रास टाळलं जातं. ‘दादा, हब घासल्याशिवाय डिस्क लावू नका’ असं गॅरेजमध्ये स्पष्ट सांगा आणि शेजारी उभे राहा. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा, फडकं पांढरं राहीपर्यंत. कॅलिपर ऑइलच्या रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर आत-बाहेर सरकतं) काढून जुनं ग्रीस पुसा आणि फक्त ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन अडकते आणि आतला पॅड बाहेरच्याच्या दुप्पट झिजतो. पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल थोडं काढून घ्या, नाहीतर ते बाहेर येऊन पेंट खातं. मागे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका, मोटर जाते. बोल्टचा टॉर्क (किती जोराने आवळायचा ते माप) त्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्या, आणि जे बोल्ट एकदाच वापरायचे असं लिहिलंय ते नवेच घाला. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा.

‘डिस्क वाकली’ ही तक्रार जिथे ऐकू येते, तिथे डिस्क क्वचितच वाकलेली असते. गंजलेल्या हबवर ती किंचित तिरकी बसते, फिरताना दर फेरीला पॅडला एकाच जागी घासते, काही हजार किलोमीटरांत तिथली जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने बदलते, आणि तेवढ्यानेही स्टिअरिंग थरथरू लागतं. हे बसवतानाच पकडता येतं. चाकाचे सगळे नट वॉशर घालून टॉर्कने आवळा, डायल गेजचं टोक डिस्कच्या कडेपासून 10 मिलिमीटर आत टेकवा आणि डिस्क हाताने सावकाश एक फेरा फिरवा. काटा 0.05 मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. जास्त असेल तर डिस्क काढून हब पुन्हा घासा, एक भोक पुढे फिरवून बसवा आणि परत मोजा. डिस्क हबवर धरून ठेवणारा लोकेटिंग स्क्रू एकाच जागी बसत असेल तर फिरवणं जमत नाही, तिथे हबचाच रनआउट (फिरताना होणारं डुगडुगणं) मोजा. इंडस्ट्रियल एरियातल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये डायल गेज असतोच. गॅरेजमध्ये नसेल तर तासाभरासाठी मागून आणा.

मग बेडिंग. पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढल्याशिवाय नवे ब्रेक पूर्ण पकडत नाहीत. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. नसेल तर पहाटे, कोरड्या रस्त्यावर, मागे-पुढे कुणी नसताना 60 वरून 10 पर्यंत मध्यम जोराने दहा वेळा कमी करा, दर वेळी मध्ये अर्धा मिनिट चालवत राहा. दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी निववा. मग 90 वरून 20 पर्यंत आठ वेळा, जोराने, पण एबीएस न लागू देता. या सगळ्यात कुठेही पूर्ण थांबायचं नाही. तापलेला पॅड दाबून धरला की त्याचा ठसा डिस्कवर उमटतो आणि थरथर तिथूनच सुरू होते. शेवटी पंधरा मिनिटं हळू चालवा, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये उभी करा. डिस्कवर एकसारखी निळसर-करडी झाक आली की काम झालं. ठिपके-पट्टे दिसले तर शेवटची फेरी पुन्हा.

घाट उतरल्यावर तापमान बघायचं असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर डिस्कच्या चकचकीत तोंडावर मारू नका, तिथे आकडा बराच कमी येतो. बाहेरच्या गंजलेल्या कडेवर मारा. डावी-उजवीत मोठा फरक दिसला तर थंड बाजूची पिन किंवा पिस्टन अडकलाय, नाहीतर गरम बाजूचा पॅड सुटतच नाहीये. पावसाळ्यात रात्रीतून डिस्कवर तांबूस गंज येतो, तो पहिल्या चार ब्रेकला जातो, त्याची काळजी नको. गाडी आठवडाभर पावसात उभी राहिली तर मात्र पॅडखालच्या जागेचा डाग बघा. आणि दर 10,000 किलोमीटरला, टायरची अदलाबदल करतानाच, आतला आणि बाहेरचा पॅड दोन्ही मोजा. रिममधून बाहेरचाच दिसतो, आणि 3 मिलिमीटरवर आलेला बहुतेक वेळा आतला असतो.