मैदानावरची बायबल शाळा: माझा अनुभव

एप्रिल संपत आला की नगरच्या मराठी ख्रिस्ती घरांतली मुलं व्हीबीएस कधी सुरू होणार म्हणून विचारायला लागतात. व्हेकेशन बायबल स्कूल असं पूर्ण नाव कोणी घेत नाही. सकाळी गाणी, ॲक्शन साँग, बायबलमधली गोष्ट, सुवचनाचं पाठांतर, कागदाचं हस्तकाम आणि शेवटी सरबत-बिस्किटं. मी याच शाळेत वाढले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले. यंदा पाळक साहेबांनी सगळी शाळा माझ्यावर सोपवली, तेव्हा मी त्यांच्याकडे एक मागणी केली. निम्मा वेळ मैदानावर, आणि उरलेल्यातला मोठा भाग सेवेला.

मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. सातवी-आठवीनंतर आपली मुलं शब्बाथ शाळेतून, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या बायबल वर्गातून, गळतात, हे वर्षानुवर्षं बघत आले आहे. दावीद आणि गल्याथ, योना, उधळ्या पुत्र, सगळ्या गोष्टी त्यांना पाठ असतात. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणारा चांगला शोमरोनीसुद्धा. पण शेजारच्या आजींच्या हातातली बादली पुढे होऊन घ्यावी, हे त्या गोष्टीतून हातापर्यंत पोचत नाही. मला ते हवं होतं.

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठ काकांनी सरळ विचारलं, "ताई, खेळायला वर्षभर मैदान आहे. वचनासाठी मुलं एवढेच दिवस हातात येतात. तेही चेंडूमागे घालवायचे?"

प्रश्न रास्त होता. मी काकांना बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र काढायला सांगितलं. नवव्या अध्यायाच्या शेवटी पौल शर्यतीत धावणाऱ्यांबद्दल बोलतो, मुष्टियुद्धाबद्दल बोलतो, नाशवंत मुकुटाबद्दल बोलतो. करिंथजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. तिथे जिंकणाऱ्याला झाडपाल्याचा मुकुट मिळे आणि तो थोड्याच दिवसांत वाळून जाई. पत्र ऐकणाऱ्या माणसांना तो मुकुट डोळ्यांसमोर दिसत होता. छातीत दम भरेपर्यंत जे मूल कधी धावलंच नाही, त्याला हे वचन पाठ होईल, पण त्यातली आस कळणार नाही.

मग मी त्यांना या शाळेचं मूळही सांगितलं. 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात एलायझा हॉज नावाच्या बाईंनी सुट्टीत रस्त्यावर फिरणाऱ्या मुलांसाठी बिअर विकली जाई तो हॉल भाड्याने घेतला आणि तिथे बायबल शिकवायला सुरुवात केली. 1901 मध्ये त्याच शहरात रॉबर्ट बोव्हिल यांनी अशा शाळांची चळवळ उभी केली. उन्हाळ्यात मोकळ्या सुटलेल्या मुलांना हाताला काम आणि मनाला आधार द्यायचा, ही त्यामागची तळमळ होती. काका तरुणपणी मिशन कंपाउंडच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळायचे. हा खेळ 1895 मध्ये वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतल्या विल्यम मॉर्गन यांनी तयार केला आणि बास्केटबॉल त्याच्या चार वर्षं आधी वायएमसीएच्याच जेम्स नायस्मिथ यांनी, हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. तरी त्यांनी एक अट घातलीच. प्रत्येक खेळाला एक वचन जोडायचं, आणि ते मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. नुसतं पाठ म्हणून चालणार नाही. पुढे सगळ्या आखणीचा कणा ही अटच ठरली. त्याबद्दल मी काकांची ऋणी आहे.

त्यानंतर कागदपत्रं. मैदानासाठी जवळच्या शाळेला लेखी अर्ज केला. पालकांकडून संमतीपत्रं घेतली. त्यात मुलाचा आजार, कसली ॲलर्जी, कोण सोडणार आणि कोण न्यायला येणार, हे सगळं भरून घेतलं. प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसं, कोणीही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत राहणार नाही, हा नियम आधीच सगळ्यांना वाचून दाखवला. काही तरुणांना तो अविश्वासासारखा वाटला. मला तो प्रेमाचा भाग वाटतो. मूल आपल्या हवाली करणाऱ्या आईने निश्चिंत घरी जावं, ही आपली पहिली सेवा.

शेजारच्या वस्तीतल्या मुलांचा प्रश्न आधीच सोडवायला हवा होता. शिट्टी वाजली की मुलं येणारच, ती कोणत्या घरची हे मैदान विचारत नाही. आम्ही ठरवलं, खेळाला आणि सेवेला कोणीही यावं, बायबलच्या पाठाला मात्र पालकांनी लिहून दिलं तरच. मी स्वतः दोन तरुणांना घेऊन त्यांच्या घरी गेले, चहा घेतला, काय शिकवतो ते सांगितलं. काही आईवडिलांनी पाठासाठी हो म्हटलं, काहींनी फक्त खेळासाठी. दोन्ही उत्तरं आम्ही सारख्याच आनंदाने घेतली. आडून, लपून काही शिकवायचं नाही, यावर मी ठाम होते. जो विश्वास आपण उघड जगतो तोच मुलांना दाखवण्यालायक.

मे महिन्यात नगरचं ऊन चाळिशी पार करतं, म्हणून मैदान सकाळी साडेसहाला सुरू आणि साडेआठला बंद. मग चर्चच्या हॉलमध्ये गाणी आणि पाठ, आणि सेवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. लिंबू, साखर, मिठाचं पाणी महिला मंडळाने सांभाळलं. दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यायचंच, तहान असो वा नसो. लहानांना विषामृत, रुमाल उचल आणि लंगडी दिली. मोठ्यांना खोखो.

खोखोवर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण आमची शाळा त्यावरच उभी राहिली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खोखो विश्वचषक झाला आणि भारताच्या महिला व पुरुष दोन्ही संघांनी तो जिंकला. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची, पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर महाराष्ट्राचा. त्यामुळे मुली तर पहिल्या दिवसापासून पेटलेल्या होत्या.

या खेळात आठ जण चौकोनांत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मध्यरेषा ओलांडता येत नाही, निघालेली दिशा मध्येच बदलता येत नाही. पळणारा गडी मात्र कुठेही वळतो. म्हणजे कितीही वेगवान असला तरी एकटा पाठलाग करणारा हरणार. त्याने बसलेल्याच्या पाठीला हात लावून मोठ्याने 'खो' द्यायचा, आणि तो उठला की त्याच्याच चौकोनात स्वतः बसायचं. बसलेल्याला मागून कोण येतंय ते दिसत नाही. हाक येईपर्यंत उठायचं नाही, आली की क्षणभरही थांबायचं नाही.

आमच्यात नववीतला एक मुलगा होता, पायाला भिंगरी. तो खोच देईना. गड्याला शिवायचंच म्हणून खांबापर्यंत धावायचा, वळायचा, परत धावायचा. बाकीचे आठ जण नुसते बसून. मी शिट्टी वाजवून त्याला थांबवलं नाही. डाव संपल्यावर सगळ्यांना कडुनिंबाखाली बसवून विचारलं, या डावात कोण कोण खेळलं? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक छोटी मुलगी म्हणाली, "टीचर, मी खेळलेच नाही. मी फक्त बसले होते." तो मुलगा तिच्याकडे बघत राहिला. त्या दिवसाचं वचन फिलिप्पैकरांस पत्रातलं होतं, आपलंच हित न पाहता दुसऱ्याचंही पाहा असं सांगणारं. मी अर्थ सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दिलेले खो ऐकून शेजारच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. वचन स्वतःच्या शब्दांत सांगायची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "मी बसलो की कुणीतरी उठतं." यापेक्षा चांगलं भाष्य मी कोणाकडूनही ऐकलेलं नाही.

पाठाच्या तासाला आम्ही स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलची गोष्ट घेतली. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणजे देवाच्या दिवशी, होती म्हणून तो धावला नाही, आणि 400 मीटरमध्ये 47.6 सेकंदांत सुवर्णपदक घेतलं. एवढं बहुतेक ठिकाणी सांगतात. मला मुलांना पुढचं सांगायचं होतं. दुसऱ्या वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला, मुलांना शिकवलं, आणि युद्धात जपान्यांच्या वेशियन छावणीत कैद झाला. तिथली मुलं रविवारी खेळताना भांडू लागली, तेव्हा पदकासाठीही रविवारी न धावलेला हा माणूस त्यांचा पंच म्हणून मैदानात उतरला. फेब्रुवारी 1945 मध्ये छावणीतच त्याचा मृत्यू झाला. मुलांनी लगेच वाद घातला. आधी नाही म्हणाला, मग हो कसा म्हणाला? तो वाद मी भरपूर चालू दिला. एक मुलगी म्हणाली, पहिल्या वेळी स्वतःच्या पदकाचा प्रश्न होता, दुसऱ्या वेळी मुलांच्या भांडणाचा.

सेवेचं पहिलं काम पाणपोईचं. बस थांब्याजवळच्या दुकानदाराने सावलीची जागा दिली, आम्ही रांजण ठेवले. लहानांतल्या एकाला पेलाभर गार पाणी पाजणाऱ्याबद्दल येशू बोलतो, ते मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन मुलांनी पुठ्ठ्यावर लिहायचं ठरवलं होतं. पण एका मुलानेच सुचवलं, नुसतं 'पाणी' लिहूया, तहानलेल्याला तेवढं पुरे.

पहिल्याच संध्याकाळी प्रश्न आला, "टीचर, याला किती पॉइंट?" खेळाचे गुण आम्ही फळ्यावर लिहीत होतो, चषकही होता. कार्यकर्त्यांपैकी काहींना सेवेलाही गुण द्यावेत असं वाटत होतं, म्हणजे मुलं उत्साहाने येतील. मी नाही म्हटलं. खेळात जिंकणं-हरणं असलंच पाहिजे, नाहीतर तो खेळच नाही. पण पाणी देणाऱ्याचं लक्ष एकदा फळ्याकडे गेलं की पिणाऱ्याचा चेहरा त्याला दिसायचा नाही. दुसऱ्या संध्याकाळी मुलं थोडी कमी आली. तिसऱ्या संध्याकाळी परत भरली.

दुसरं काम, घरातून बाहेर पडू न शकणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे जायचं. पाणी भरायचं, औषधाच्या गोळ्या वारांप्रमाणे लावून द्यायच्या, आणि बायबल वाचून दाखवायचं. आमची बरीच मुलं इंग्रजी माध्यमातली, जोडाक्षरांना अडखळतात. एका आजींची दृष्टी जवळजवळ गेलेली. मुलगी तेविसावं स्तोत्र वाचताना अडली की आजी पुढचा शब्द देत. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" पासून शेवटापर्यंत सगळं त्यांना तोंडपाठ. मग त्यांनी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन म्हणून दाखवलं आणि मुलांकडून बसवून घेतलं. टिळक आणि लक्ष्मीबाई याच नगरमध्ये राहिले, हे मुलांना आजींनीच सांगितलं. सेवा करायला गेलेली पोरं शिकून आली, आणि आजींचा आवाज त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

समारोप रविवारच्या उपासनेत झाला. चषक पिवळ्या गटाला मिळाला. वचनं सांगायला मुलं उभी राहिली तेव्हा काका पहिल्या बाकावर होते, आणि त्यांनी प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारलाच. मुलांनी उत्तरं दिली.

पाणपोई शाळेबरोबर बंद करायची नाही, असं मुलांनी परस्पर ठरवून टाकलं. वह्यांच्या पानावर पाळ्या लावल्या, त्यात खेळापुरती येणारी वस्तीतली मुलंही होती, आणि पाऊस सुरू होईपर्यंत रांजण भरले गेले. आजींकडे जाणाऱ्या मुली अजून शनिवारी जातात. पुढच्या वर्षासाठी मी कमिटीकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत. मैदान अजून थोडं आधी, एप्रिलच्या मध्याला मिळावं, म्हणजे ऊन सोसेल. आणि यंदाच्या नववी-दहावीच्या मुलांना लहान गटांचे सहायक करावं. पहिलं नाव मी त्या खो न देणाऱ्या मुलाचं लिहून दिलं आहे.