सरासरीत लपलेला एल्बो

सप्टेंबर संपत आला की साखर कारखान्यात धांदल उडते. ऑफ सीझनची कामं आवरत आलेली असतात, बॉयलर अग्निप्रदीपनाचा मुहूर्त निघालेला असतो, आणि आमच्यासारख्या जाडी मोजणाऱ्यांना निरोप येतो, "तेवढा रिपोर्ट देऊन टाका." कोल्हापूर जिल्ह्यातल्या अशाच एका कारखान्यात फीड वॉटर लाइनची, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पाइपची तपासणी माझ्याकडे होती. ६७ बार दाबाचा सहवीजनिर्मितीचा बॉयलर आणि पंपाकडून इकॉनॉमायझरकडे (धुराच्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या नळ्यांकडे) जाणारी सहा इंची कार्बन स्टीलची पाइप.

दर वेळच्या खुणेच्या जागी रंग खरवडून, जेल लावून जाडी मोजणाऱ्या गेजचा प्रोब टेकवला. ८.५ मिमी. रजिस्टर उघडलं. २०१० साली पाइप बसवली तेव्हा ११, २०२० मध्ये १०, आणि आता २०२३ मध्ये ८.५. दाबाच्या हिशेबानं किमान जाडी ६.२ हवी.

चीफ इंजिनिअर साहेबांनी तिथंच हिशेब मांडला. तेरा वर्षांत अडीच मिमी झिजली, म्हणजे वर्षाला ०.१९. शिल्लक २.३ मिमी. "बारा वर्षं काढंल की अजून!" गणित बरोबर होतं. पण तेरा वर्षांची सरासरी काढली की शेवटची तीन वर्षं तिच्यात विरघळून जातात. पहिल्या दहा वर्षांत एक मिमी गेला होता आणि पुढच्या तीनच वर्षांत दीड. म्हणजे वर्षाला अर्धा मिमी, आणि आयुष्य बारा नव्हे, जेमतेम साडेचार वर्षं. दीर्घकालीन आणि अलीकडचा असे दोन्ही दर काढून बघा, आजच्या परिस्थितीला लागू पडेल तो धरा, असं पाइपिंगच्या तपासणीचं एपीआय ५७० हे कोड सांगतं. मोजणीची पुढची तारीखही उरलेल्या आयुष्याच्या निम्म्याच्या आत ठेवायची असते.

आधी गेजवरच शंका घेतली. माहीत असलेल्या जाडीच्या पायऱ्यांच्या ठोकळ्यावर तपासलं, बरोबर निघालं. रंग राहिला असता तर आकडा जास्त आला असता, कमी नव्हे. पाइप गार होती, त्यामुळं तापमानाचाही दोष नव्हता. झीज खरीच होती.

मग मी विचारलं, तीन वर्षांपूर्वी इथं काय बदललं? साहेबांना चटकन आठवेना. उत्तर दिलं ते फिटर आण्णांनी. "एचपी हीटर बसवला नव्हं का साहेब, वीस सालच्या ऑफ सीझनला! तवापासनं पाणी दीडशे डिग्रीनं जातंय. आधी डीएरेटरचं एकशेपाचनंच जायचं."

डीएरेटर पाण्यातला ऑक्सिजन काढतो, आणि एचपी हीटर तेच पाणी वाफेनं आणखी तापवतो. सगळं तिथंच होतं. पोलादावर आतून मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा काळा थर धरतो, तोच पाइपला राखतो. पण ऑक्सिजन काढलेलं गरम पाणी जोरात वाहत असेल आणि पीएच कमी पडत असेल, तर हा थर विरघळत राहतो आणि खालचं पोलाद झिजत जातं. साधारण दीडशे अंशांच्या आसपास हे सर्वात वेगानं होतं. शिवाय प्रवाह जिथं खवळतो तिथं झीज जास्त. आणि आमची खूण होती सरळ पाइपवर! हीटरनंतरच्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढचा एल्बो, म्हणजे पाइपचं वळण, कुणी कधी मोजलाच नव्हता, कारण तो उंचावर, इन्सुलेशनखाली.

"आता परांची बांधायची? पत्रिका छापून झाल्यात ओ," साहेब म्हणाले. त्यांची अडचण मला कळत होती, कारण उशिराचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. मी त्यांना मिहामाचं सांगितलं. जपानमधल्या त्या अणुवीज केंद्रात ऑगस्ट २००४ मध्ये अशाच गरम पाण्याची पाइप फुटली. दहा मिमीची भिंत दीड मिमीच्याही खाली आली होती. १९७६ पासून ती जागा एकदाही मोजली नव्हती, तपासणीच्या यादीतून सुटली होती. पाच कामगार गेले. साहेब थोडा वेळ गप्प राहिले, मग आण्णांना म्हणाले, "बांधा परांची."

इन्सुलेशन काढलं, खडूनं पाच-पाच सेंटीमीटरच्या चौकटी आखल्या. आण्णा आकडे लिहीत होते. ९.१. ८.२. बाहेरच्या वळणाकडं सरकलो तसं ७.४. पुढच्या चौकटीत ६.६. जेल पुसून पुन्हा लावलं, प्रोब फिरवून बघितला. ६.६च.

किमान जाडीला उरले ०.४ मिमी. पहिल्या दहा वर्षांत इथंही एकच मिमी गेला असं धरलं, तर उरलेले ३.४ मिमी तीन वर्षांत गेले. पण पाणी वाहतं ते हंगामाच्या चार-पाच महिन्यांतच, म्हणजे ही झीज तीन हंगामांतली, हंगामाला साधारण १.१ मिमी. त्या वेगानं हा एल्बो येता हंगाम निम्म्यावर येण्याआधीच किमान जाडीच्या खाली जाणार होता. दीडशे अंशांचं पाणी त्या दाबातून सुटलं की उकळत, वाफेसह उसळून बाहेर पडतं, आणि खालून माणसांची ये-जा असते. "हा एल्बो घालून बॉयलर पेटवू नका," एवढंच मी लिहून दिलं.

अग्निप्रदीपन पुढं गेलं. बॉयलर निरीक्षकांच्या मंजुरीनं सव्वा टक्का क्रोमियमचा एल्बो आणि पुढचा पाइपचा तुकडा बसवला. क्रोमियम थोडं असलं तरी ही झीज खूपच मंदावते. वेल्डिंगची रेडिओग्राफी झाली, पाण्याच्या दाबाची हायड्रॉलिक टेस्ट झाली. काढलेला एल्बो आण्णांनी उभा कापला. आतून माशाच्या खवल्यांसारखे उथळ खळगे, काळे, चकचकीत, सगळे प्रवाहाच्या दिशेनं. साहेबांनी त्यावर बराच वेळ बोट फिरवलं.

त्या लाइनवरचे सगळे एल्बो, रिड्यूसर (पाइप अरुंद करणारे जोड) आणि व्हॉल्व्हच्या पुढच्या जागा आता यादीत आहेत. रजिस्टरात एक नवा रकाना आहे : 'गेल्या हंगामापासून काय बदललं.' फीड वॉटरचा पीएचही आता रोज बघितला जातो. नव्या एल्बोची जाडी बॉयलर पेटण्याआधीच मोजून घेतली, ११.१ मिमी. पुढच्या ऑफ सीझनला ११.० आली. एवढा फरक गेजच्या अचूकतेतच मोडतो, त्यावरून दर काढता येत नाही. म्हणून ती जागा सध्या दर वर्षी मोजायची असं ठरवलं आहे.