कोपऱ्यातला नंबर

पेटावावा हे ओटावा नदीकाठचे गाव कॅनडाच्या राजधानीपासून मोटारीने साधारण दोन तासांवर आहे आणि तिथे देशाच्या भूदलाचा मोठा तळ आहे. काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, बाहेर कमरेइतके बर्फ साचलेले असताना, त्या तळावरच्या एका लहानशा खोलीत मी एका कॉर्पोरलसमोर, म्हणजे खालच्या हुद्द्याच्या सैनिकासमोर, बसले होते. आमच्या चमूने तयार केलेली मानसिक आरोग्याविषयीची नवी प्रश्नावली हजारो सैनिकांकडे जाणार होती. त्याआधी दहा-बारा जणांनी ती आमच्यासमोर वाचून, प्रत्येक प्रश्नातून त्यांना काय कळले ते सांगायचे, असा आमचा रिवाज आहे. कॉर्पोरलने पहिले पान शांतपणे वाचले. नाव लिहायचे नाही, सेवा क्रमांक लिहायचा नाही, उत्तरे वरिष्ठांना दाखवली जाणार नाहीत, असे त्या पानावर स्पष्ट छापलेले होते. पान उलटण्याआधी त्याने उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि विचारले, "हा नंबर कशाचा?"

तो छपाईचा क्रमांक होता आणि सगळ्या प्रतींवर एकच होता. शेजारच्या दोन प्रती उघडून मी त्याला तो दाखवला. त्याने मान डोलावली आणि सगळे प्रश्न भराभर सोडवले. झोप चांगली, राग नाही, दारू क्वचित, घरी सगळे ठीक. पेन खाली ठेवताना तो म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणून मला कळलं. बाकीच्यांना सांगायला तुम्ही तिथे नसणार." परतीच्या वाटेवर मी तेवढ्याच वाक्याचा विचार करत होते. दुसऱ्या दिवशी तो क्रमांक प्रश्नावलीवरून काढून टाकला.

मी मूळची साताऱ्याकडची. पुण्यात मानसशास्त्र शिकले, पुढचे शिक्षण इथे झाले आणि गेली अनेक वर्षे कॅनडाच्या केंद्र सरकारच्या सेवेत समाजशास्त्रीय संशोधन करते आहे. सैनिकांचे आरोग्य आणि ताण सोसून पुन्हा उभे राहण्याची त्यांची क्षमता हा आमच्या चमूचा विषय असून त्या चमूची जबाबदारी माझ्याकडे आहे. चमूत सामाजिक मानसशास्त्रज्ञ आहेत, समाजशास्त्रज्ञ आहेत, संख्याशास्त्रज्ञ आहेत आणि गणवेशातले अधिकारीही आहेत. आम्ही कुणावर उपचार करत नाही. ते काम लष्करी डॉक्टरांचे आणि समुपदेशकांचे. आम्ही विचारतो, मोजतो आणि जे दिसते ते निर्णय घेणाऱ्यांपुढे ठेवतो. गावाकडच्या मंडळींना मी एवढेच सांगते की जवानांची तब्येत आम्ही आकड्यांतून पाहतो. परंतु कोपऱ्यातल्या त्या नंबराने जे शिकवले ते या उत्तरात मावत नाही, म्हणून हा लेख.

सैनिकांच्या मनावरच्या ताणाचा हा विषय कॅनडात उघडपणे बोलला जाऊ लागला त्याला फार काळ लोटलेला नाही. 1994 साली रवांडात नरसंहार झाला तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व जनरल रोमेओ डॅलेअर या कॅनेडियन अधिकाऱ्याकडे होते. हाताशी पुरेसे सैन्य नाही, हस्तक्षेपाची परवानगी नाही आणि डोळ्यांसमोर लाखो माणसे मारली जात आहेत, अशा अवस्थेतून ते परतले. 2000 साली वैद्यकीय कारणावरून ते सैन्यातून बाहेर पडले आणि आपल्याला आघातोत्तर तणाव विकार (भयंकर प्रसंगानंतर मनात टिकून राहणारा त्रास, पीटीएसडी) आहे हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. एवढ्या हुद्द्याच्या माणसाने असे बोलण्याचा परिणाम खालपर्यंत झाला. 2001 साली सैनिकांनीच सैनिकांना आधार द्यावा यासाठी एक कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच सुमारास 'ऑपरेशनल स्ट्रेस इंज्युरी' ही संज्ञा रूढ झाली. तिच्यात 'आजार' हा शब्द जाणीवपूर्वक टाळून 'इजा' हा शब्द घेतला होता. पायाला गोळी लागली तर ती इजा, मग कामगिरीवर मनाला लागले तर तीही इजाच. मराठीत आपण 'मनाला लागले' किती सहज म्हणतो, हे मला तेव्हा नव्याने जाणवले.

त्यानंतर अफगाणिस्तान आले. 2001 ते 2014 या काळात 40 हजारांहून अधिक कॅनेडियन सैनिक तिकडे जाऊन आले आणि 158 परतले नाहीत. परतणाऱ्यांना थेट घरी न पाठवता वाटेत सायप्रसमध्ये काही दिवस थांबवले जाई, म्हणजे कंदाहारची धूळ आणि घरचे स्वयंपाकघर यांच्यामध्ये थोडे अंतर पडे. घरी आल्यावर तीन ते सहा महिन्यांनी मानसिक आरोग्याची विशेष तपासणी होई, कारण पहिल्या आठवड्यांत घरी परतल्याच्या आनंदाने पुष्कळ काही झाकले जाते.

2013 साली स्टॅटिस्टिक्स कॅनडा या राष्ट्रीय संस्थेने सैन्याच्या मानसिक आरोग्याची मोठी पाहणी केली, आणि आमच्या क्षेत्रातले पुष्कळसे काम आजही तिच्या पायावर उभे आहे. सुमारे 8,200 सैनिकांच्या मुलाखती झाल्या. नियमित सैन्यातील 16.5 टक्के लोकांमध्ये, म्हणजे साधारण सहांतील एकामध्ये, मागील बारा महिन्यांत नैराश्य, आघातोत्तर तणाव विकार, चिंताविकार, पॅनिक डिसऑर्डर किंवा दारूशी निगडित विकार यांपैकी निदान एकाची लक्षणे आढळली. आघातोत्तर तणाव विकाराचे प्रमाण 2002 च्या पाहणीत 2.8 टक्के होते, ते 5.3 टक्के झाले. 2018 साली 2002 च्या पाहणीतल्या अनेकांना पुन्हा गाठून मानसिक आरोग्याविषयी विचारले गेले. एकाच माणसाला सोळा वर्षांनी पुन्हा विचारता आले तर कोण सावरले, कोण खचले आणि का, हे कळण्याची वाट उघडते.

मात्र असा प्रत्येक आकडा सैनिकाने खरे सांगितले या एका गोष्टीवर तोललेला असतो. खरे न सांगण्याची कारणे त्याच्याकडे भक्कम असतात. कॅनडाच्या सैन्यात असा नियम आहे की प्रत्येक जण, मग तो स्वयंपाकी असो की कारकून, कोणत्याही क्षणी सैनिकाचे मूळ काम करण्यास आणि तैनातीवर जाण्यास सक्षम असला पाहिजे. जो कायमचा सक्षम राहत नाही त्याला वैद्यकीय कारणावरून सैन्य सोडावे लागू शकते. ज्याने अठराव्या वर्षी गणवेश चढवला, ज्याचे मित्र, ज्याचा पगार, ज्याची ओळख सगळे त्या गणवेशात आहे, त्याला 'तुम्हाला रात्री झोप लागते का' हा प्रश्न साधा वाटत नाही.

अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी चमूतल्या प्रत्येक नव्या सदस्याला वाचायला देते. इराकहून परतलेल्या एका ब्रिगेडमधील सैनिकांनी नेहमीची तपासणी-प्रश्नावली भरली, जिच्यावर त्यांची ओळख होती. नंतर त्यांच्यापैकी काहींनी अनामिक प्रश्नावली भरली. अनामिक कागदावर नैराश्य, आघातोत्तर तणाव आणि आत्महत्येचे विचार यांची नोंद दुपटीपासून चौपटीपर्यंत जास्त आली. तीच माणसे आणि तेच युद्ध. फरक कागदावर नाव असण्या-नसण्याचा. म्हणून आमच्या कामात गोपनीयता ही मोजमापाची मूळ अट आहे असे मी मानते. संशोधनाच्या नैतिकता समितीच्या मंजुरीपुरते तिच्याकडे पाहिले तर तराजूच खोटा ठरतो आणि मग त्यात काय तोलले याला अर्थ उरत नाही.

ही अट पाळणे ऐकायला वाटते तितके सोपे नाही, आणि यात माझ्या हातून एक गंभीर चूक होता होता राहिली. चमूची जबाबदारी घेतल्याचे ते पहिले वर्ष होते. एका अहवालात मी दोन तक्ते ठेवले होते. पाचांहून कमी माणसे असलेला रकाना छापायचा नाही हा नियम दोन्हींत पाळलेला होता. आमच्या संख्याशास्त्रज्ञ सहकारी, क्युबेकच्या, अतिशय शांत स्वभावाच्या बाई, अहवाल पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी ठेवले. समजा, पहिल्या तक्त्यात एखाद्या गटाची एकूण संख्या 41 आहे आणि दुसऱ्यात त्याच गटातील पुरुषांची 39. वजाबाकी कुणीही करू शकतो. उरलेल्या दोन स्त्रिया कोण, हे त्या तुकडीतल्या प्रत्येकाला माहीत असणार, आणि तक्त्याच्या पुढच्या रकान्यात दारू आणि नैराश्याची टक्केवारी होती. मी काही क्षण काहीच बोलले नाही. तक्ता काढला, अहवाल दोन दिवस उशिरा गेला आणि उशिराचे कारण मी वरिष्ठांना लेखी कळवले. तेव्हापासून आमच्याकडचा कोणताही तक्ता एकटा तपासला जात नाही. आधी प्रसिद्ध झालेल्या सगळ्या तक्त्यांशी तो ताडून पाहिला जातो.

उलट बाजूने येणारा दबावही समजून घ्यावा लागतो. एखादा तुकडीप्रमुख जेव्हा म्हणतो, 'माझ्या लोकांचे आकडे मला वेगळे द्या', तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मनात काळजीच असते. आपल्या माणसांपैकी कोण बुडते आहे हे त्याला कळायला हवे असते. त्याला नकार देणे हे चमूप्रमुखाचे काम, आणि ते कधी कनिष्ठ सहकाऱ्यावर ढकलू नये असे माझे ठाम मत आहे. तुकडीवार आकडे मी देत नाही, पण त्याच्यासारख्या तुकड्यांमध्ये नेतृत्वाच्या कोणत्या सवयींमुळे लोक मदत मागायला पुढे येतात, हे तपशिलाने सांगते. वरिष्ठ स्वतः सुट्टी घेतो का, समुपदेशकाकडे गेलेल्या माणसाबद्दल चारचौघांत काय बोलतो, यावर पुष्कळ ठरते.

आता ताण सोसून पुन्हा उभे राहण्याच्या क्षमतेला इंग्रजीत ज्याने ओळखतात त्या 'रेझिलियन्स' या शब्दाविषयी. त्याला मराठीत 'कणखरपणा' म्हणावे तर न वाकणे सूचित होते, आणि 'लवचीकता' म्हणावे तर सोसलेले दुःख निसटते. मला 'तग धरणे' जवळचे वाटते, कारण तग धरायला खाली आधार लागतो. कॅनडाच्या सैन्यात 'रोड टू मेंटल रेडिनेस' हे प्रशिक्षण दिले जाते. त्यात ध्येय ठरवणे, प्रसंग मनात आधीच पाहणे, स्वतःशी बोलणे आणि श्वासावर ताबा ठेवणे ही चार कौशल्ये शिकवतात, आणि मनाची अवस्था हिरव्या रंगापासून पिवळ्या-नारिंगीवरून लाल रंगापर्यंत कुठे आहे ते ओळखायला लावतात. 'मी सध्या पिवळ्यात आहे' असे सैनिकाला सोबत्याजवळ सहज म्हणता येते, आणि मला हे त्या प्रशिक्षणाचे मोठे यश वाटते. परंतु कौशल्ये शिकवली म्हणजे जबाबदारी सैनिकाची झाली, असा अर्थ कुणी काढू लागले की मी तिथे थांबवते.

कारण आकडे वेगळे बोलतात. 2013 च्या पाहणीतील माहितीवरूनच पुढे असे दिसले की नियमित सैन्यातील सुमारे 48 टक्के लोकांनी लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा घरातील हिंसा अनुभवली होती, तर सर्वसामान्य नागरिकांत हे प्रमाण सुमारे 33 टक्के होते. म्हणजे भरतीच्या दारात उभा राहिलेला तरुण कोऱ्या पाटीने आलेला नसतो. पुढे तैनाती त्याच्या जुन्या जखमेवर येऊन पडते. त्यात दर काही वर्षांनी बदली. सैनिकाचे उपचार सैन्य करते, पण त्याच्या बायकामुलांची आरोग्यसेवा त्या-त्या प्रांताकडे असते. प्रांत बदलला की नवे कार्ड, नवा फॅमिली डॉक्टर मिळेपर्यंतची लांबलचक प्रतीक्षा, मुलांची नवी शाळा आणि जोडीदाराची सुटलेली नोकरी. न्यू ब्रन्सविकहून अल्बर्टाला आलेल्या एका पत्नीने मुलाखतीत आपल्या आजारी मुलाच्या कागदपत्रांची फाइल आमच्यासमोर ठेवली होती. ती विटेइतकी जाड होती. श्वासावर ताबा ठेवण्याचे प्रशिक्षण त्या फाइलचे ओझे कमी करत नाही. हे दोन पानांच्या टिपणात, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये, वरिष्ठांना पटेल अशा रीतीने लिहिणे हा माझ्या कामाचा फार मोठा भाग आहे.

गेल्या हिवाळ्यात मी गावी गेले होते. माझे थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले होते. लहानपणी आम्हाला एवढेच माहीत होते की काका सुट्टीवर आले की अंगणात झोपतात आणि त्यांना हात लावून उठवायचे नाही, लांबून हाक मारायची. एका संध्याकाळी ते म्हणाले, "पोरी, तू तिकडं फौजेतल्या लोकांना नेमकं काय विचारतीस, ते मला विचार की." मी आमच्या प्रश्नावलीतले काही प्रश्न तिथल्या तिथे मराठीत करून विचारू लागले. चौथ्या प्रश्नाला, जो नको असलेल्या आठवणी अचानक समोर येण्याविषयी आहे, ते गप्प झाले. मग माझ्या हातातल्या वहीकडे बघून म्हणाले, "हे कोण वाचणार?"

"कुणीच नाही, काका."

"मग लिहू नको."

मी वही मिटून ओसरीवर ठेवली. त्यानंतर ते बराच वेळ बोलत होते. काकी दोनदा जेवायला बोलावून गेल्या. ते काय बोलले ते मी तेव्हा लिहिले नाही आणि इथेही लिहीत नाही.