डिस्लेक्सिया आणि माझं बी.एड.

जिला डिस्लेक्सियामुळे, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या अध्ययन अक्षमतेमुळे, ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये गोंधळ होतो ती मराठी शिकवणार, याचं घरी सगळ्यांनाच नवल वाटत होतं. दहावीला बोर्डाच्या सवलती मिळाल्या होत्या, पण त्यासाठीचं प्रमाणपत्र बी.एड.ला चाललं नाही. तेव्हाच्या 2018 च्या नियमांनुसार अध्ययन अक्षमतेची तपासणी आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी व्हायची. अठराव्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र कायमचं असायचं. माझं त्याआधीचं होतं, म्हणजे पुन्हा रुग्णालय. तिथे समोर आले शाळकरी मुलांचे उतारे. ते मी वाचले, तर तपासणारे म्हणाले, ‘तुम्हाला वाचता येतंय की!’ वाचायला वेळ किती लागला तेही लिहा, असं शेवटी मीच सुचवलं.

एकदा दिव्यांगत्वाचं कार्ड हातात आल्यावर लेखी परीक्षेचं काम सोपं झालं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आपण अध्ययन अक्षमतावालेही आहोत आणि परीक्षेत दर तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला चार तास. प्राचार्यांचं पत्र विद्यापीठात गेलं आणि तो विषय मिटला.

खरी पंचाईत सराव पाठांची. फळ्यापुढे उभं राहिल्यावर वीस मिनिटांचा नियम काय कामाचा? निरीक्षण वहीत लाल शेरा ठरलेला: ‘फलकलेखनात अशुद्धे.’ मेथडच्या, म्हणजे विषयाची अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या, मॅडमनी स्पष्ट सांगितलं, ‘शुद्धलेखनाला सूट नाही. मुलांसमोर येईल ते बरोबरच हवं. तू ते कसं आणतेस, ते तुझं तू ठरव.’ तेव्हा राग आला होता, पण मला तरी ही अट रास्त वाटते.

मग मी शब्दपट्ट्या करायला लागले. नवे शब्द, जोडाक्षरं, शीर्षक, सगळं घरी तपासून कार्डशीटवर. तसंही ते शैक्षणिक साधन, वर त्याचे गुणही मिळतात! टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, हातानेच लिहायचा कॉलेजचा दंडक होता. मॅडमनी शब्द टाकून मला टाइप करायची परवानगी मिळवली. मी फोनला बोलून टाचण लिहायची आणि मग त्याच्याकडूनच वाचून घ्यायची. गळलेला शब्द, चुकलेलं जोडाक्षर लगेच कानाला खटकतं. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ फोन सारखेच वाचतो, त्यामुळे वेलांट्यांसाठी मैत्रिणीची नजर लागायचीच.

हजेरीची मला धास्ती होती. वर्गशिक्षिका नावं वाचताना मी रेकॉर्ड करून घेतली आणि बसमध्ये ऐकून पाठ केली.

छात्रसेवाकालात, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावात, आठवीच्या वर्गात एकाने तयारीत नसलेलाच शब्द विचारला. म्हटलं, ‘ये, तूच लिही फळ्यावर.’ त्याने लिहिला, दुसरीने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं, मागच्या बाकावर वाद पेटला. शेरा आला: ‘विद्यार्थी सहभाग उत्तम.’ याला कुणी पळवाट म्हणेल. म्हणू दे, त्या तासाला पोरं जागी होती.

आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. दीडशे मिनिटांत दीडशे प्रश्न. वीस मिनिटांच्या हिशेबाने मला पन्नास मिनिटं जादा मिळायला हवीत. अर्जात दिव्यांगत्वाची माहिती आधी नीट भरली, बहिणीकडून ताडून घेतली, मगच फी भरली.