दाजीपूरला, लक्ष्मी तलावाच्या काठी मुक्काम

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या बोलण्यात राधानगरीचे नाव रोज असते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की राधानगरीचे किती दरवाजे उघडले, असे घरोघरी विचारले जाते. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, जलाशय भरून पाण्याचा दाब वाढला की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी भोगावती नदीत येते, हे येथील शाळकरी मुलेही सांगतात. मात्र ज्या जंगलावर हा पाऊस कोसळतो आणि ज्या तलावात तो साठतो, तेथे रात्र काढलेली माणसे माझ्या ओळखीत फार थोडी आहेत. बहुतेकांनी या जंगलातले दाजीपूर पाहिलेले असते ते फोंडा घाटातून कोकणात उतरताना, नाहीतर रविवारी सकाळी जाऊन दिवे लागणीपर्यंत परत येण्याच्या घाईत. यंदा जानेवारीत धाकटी बहीण आणि तिच्या मुलांबरोबर मी तेथे तंबूत मुक्कामाला होते. हे जंगल डोळ्यांपेक्षा कानांना अधिक देते, आणि ते घ्यायचे असेल तर तेथे रात्री थांबावे लागते व आपण गप्प राहावे लागते, असे माझे मत झाले आहे, आणि तेच येथे जरा सविस्तर लिहिते.

फुलेवाडी सोडली की परिते आणि पुढे राधानगरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस असतो. राधानगरी मागे पडल्यावर ऊस विरळ होतो, भाताची मोकळी खाचरे दिसू लागतात आणि झाडीतून मधूनमधून तलावाचे पाणी चमकते. कोल्हापूरपासून दाजीपूर सुमारे ८० किलोमीटर आहे. हा तलाव राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीचा आहे. कन्येच्या नावावरून गावाला राधानगरी आणि राणीसाहेबांच्या नावावरून जलाशयाला लक्ष्मी तलाव अशी नावे त्यांनी दिली. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैशाअभावी काम थांबले आणि धरण पूर्ण झालेले पाहणे महाराजांच्या नशिबी आले नाही, कारण १९२२ मध्येच त्यांचे निधन झाले. आज त्यात ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. भोवतालचे रान करवीर संस्थानाचे शिकारीचे राखीव जंगल होते. १९५८ मध्ये गव्यांसाठी ते अभयारण्य झाले, १९८५ मध्ये त्याची हद्द वाढून ३५१ चौरस किलोमीटर झाली आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा त्या यादीत राधानगरीचाही समावेश झाला.

आमचे तंबू जंगलाच्या गाभ्यात नव्हते. रात्री गाभ्यात कोणी राहू नये हे योग्यच आहे. बाहेरच्या बाजूला, तलावाचे पाणी जेथे बोटांसारखे दऱ्यांमध्ये शिरले आहे, तेथे तांबड्या मातीच्या एका सपाटीवर जाड कापडाचे तंबू, सामाईक स्वयंपाकघर आणि थोड्या अंतरावर स्वच्छतागृहे अशी साधी सोय होती. व्यवस्था पाहणारी मंडळी जवळच्या वाडीतील होती. रात्री जेवणात नाचणीची भाकरी, पिठले, भात आणि हिरव्या मिरचीचा खर्डा होता. कोल्हापूरहून येणारे लोक तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची मागणी करतात असे त्यांनी सांगितले, पण त्या थंडीत चुलीवरून उतरलेल्या गरम भाकरीनंतर मला दुसरे काहीही नको होते. शेकोटीला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. दिवाळीनंतर येथे पालापाचोळा वाळत जातो आणि उन्हाळ्यापर्यंत त्याचा जाड थर साचतो, एक ठिणगी वाऱ्याने त्यात पडली की वणवा डोंगर चढत जातो, आणि तो विझवायला हातात झाडाच्या फांद्या घेऊन याच वाडीतील माणसांना धावावे लागते. मुलांचा शेकोटीसाठीचा हट्ट हे ऐकून तेथेच थांबला.

सायंकाळी आम्ही वाटाड्याबरोबर सड्यावर गेलो. ज्यांनी सडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. घाटमाथ्यावर जांभ्या दगडाची विस्तीर्ण पठारे आहेत. दगडावर मातीचा थर इतका पातळ असतो की मोठे झाड मूळ धरू शकत नाही, त्यामुळे दाट जंगलातून चालता चालता एकाएकी आकाश उघडे पडते आणि समोर गवताचे मोकळे रान येते. पावसाळ्यात याच दगडावरच्या पाणथळ जागांत सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. मातीतून पुरेसे नत्र मिळत नाही म्हणून त्या ते किड्यांकडून मिळवतात. जानेवारीत ती फुले नव्हती, फक्त पिवळे गवत आणि मधूनमधून काळपट दगड होता. अशा पठारांकडे पडीक जमीन म्हणून पाहिले जाते याचे मला फार वाईट वाटते. जांभ्याच्या पोटात बॉक्साइट असते, आणि याच तालुक्यात दुर्गमानवाडच्या बाजूला त्यासाठी खाणी निघाल्या. सडा एकदा खणला गेला की त्याच्या भेगांतून मुरणारे आणि खालच्या झऱ्यांना महिनोन्‌महिने पुरणारे पाणीही जाते.

गवे याच गवतासाठी संध्याकाळी झाडीबाहेर येतात. दुपारभर ते सावलीत रवंथ करत बसतात, आणि ऊन कलले की कळपातील एखादी पोक्त मादी आधी कडेला येऊन उभी राहते. आम्ही झाडीच्या अलीकडे, वारा आमच्या तोंडावर येईल अशा बेताने बसलो होतो, कारण गव्याचे नाक फार तीक्ष्ण असते. भाची काहीतरी विचारू लागली तेव्हा वाटाड्या हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, पोरीला सांगा, आता बोलू नगा. आधी ऐकू येतंय, मग दिसतंय.” आणि तसेच झाले. प्रथम कारवीची सुकलेली झुडपे मोडल्याचा आवाज आला, मग नाकातून जोराने सोडलेला श्वास, आणि बऱ्याच वेळाने ती मादी गवतात आली. गुडघ्याखाली पांढरे पाय, खांद्यावर उंच उठलेला कणा आणि संधिप्रकाशात जवळजवळ काळा दिसणारा रंग. तिच्यामागून एकेक करत बाकीचा कळप आणि तांबूस रंगाची वासरे आली. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो हे मी अनेकदा वाचले होते, पण एवढे मोठे जनावर गवत उपटून खाताना किती थोडा आवाज करते, हे तेथे बसल्याशिवाय समजले नसते. त्यांनी आमच्याकडे पाहिले असावे, कारण एका क्षणी सगळ्या माना वर झाल्या, मात्र कोणीही पळाले नाही. अंधार पडायच्या आत आम्हीच उठून परतलो. एकटा फिरणारा नर किंवा वासराबरोबरची मादी यांच्या जवळ जाऊ नये आणि पायी तर मुळीच जाऊ नये, हे वाटाड्याने निघताना आणि परतताना दोन्ही वेळा बजावले.

रात्री तंबूंच्या भोवतीचे दिवे नऊच्या सुमारास बंद झाले. सुरुवातीला कानांना काहीच सापडत नाही, शहरातील गुणगुण डोक्यात तशीच राहिलेली असते. ती ओसरायला बराच वेळ लागतो, आणि त्यानंतर रातकिड्यांच्या एकसुरी आवाजामागचे निरनिराळे आवाज वेगळे होऊ लागतात. तलावाच्या पलीकडच्या काठावरून टिटवी ओरडत होती. पाण्याकडेच्या एका मोठ्या झाडातून मत्स्यघुबडाचा खोल, घुमणारा हुंकार मधूनमधून येत होता. मध्यरात्रीच्या आसपास भेकर हे छोटे हरीण कुत्र्यासारखे भुंकले, आणि थोड्या वेळाने त्याच दिशेला पण अधिक वर, सांबराने खणखणीत इशारा दिला. बिबट्या किंवा रानकुत्री जवळून गेल्यावर ही जनावरे असा इशारा देतात, आणि दोन वेगळ्या जातींनी थोड्या अंतराने तो दिला म्हणजे कोणीतरी त्या उतारावरून वर चालले होते एवढा अर्थ काढता येतो. ते कोण होते हे आम्हाला दिसले नाही. तरीही त्या अर्ध्या तासात उताराचा नकाशा माझ्या मनात जितका स्पष्ट झाला, तितका दिवसभर जीपमधून फिरून झाला नसता. डोक्यावर मृग नक्षत्र आणि त्यामागे व्याध इतके ठळक होते की भाच्याला ते दाखवायला बोट उचलावे लागले नाही.

दुसऱ्या रात्री शेजारच्या तंबूंत एक मोठा गट आला. त्यांनी स्पीकर आणला होता. व्यवस्थापकाने नम्रपणे सांगितल्यावर आवाज कमी झाला, बंद झाला नाही. त्यांच्या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही, पण त्या रात्री पलीकडच्या काठावरून काहीही ऐकू आले नाही, आणि पहाटे पाण्याकाठच्या ओल्या मातीत आदल्या दिवशीसारखे ताजे खूर उमटलेले नव्हते. एका रात्रीवरून नियम काढता येत नाही. मात्र पाण्यावरून आवाज फार दूरवर जातो, विशेषतः थंडीच्या रात्री जेव्हा पाण्यालगतची हवा वरच्या हवेहून गार असते आणि आवाज वर निसटण्याऐवजी पृष्ठभागाकडे वळतो. गव्यांना रोज पाणी लागते, आणि जानेवारीपासून आतले ओढे आटू लागले की तलावाचा काठ त्यांच्यासाठी अधिकाधिक महत्त्वाचा होत जातो. शेतीसाठी पाणी सोडल्यामुळे पातळी उतरते तशी उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत येते, तेही त्यांना खुणावते. त्या काठावर रात्री अकरा वाजता गाणी लावली, तर कोणाला अडवले जाते हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. तंबूत राहण्याचे पैसे भरले म्हणून ती शांतता आपली होत नाही. ती तेथील जनावरांच्या रोजच्या जगण्याची अट आहे, आणि हे मी अतिशय गांभीर्याने म्हणते.

पहाटेबद्दल थोडेच लिहिते, कारण ती कोणालाही आवडेल अशीच असते. तलावाचे पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार राहिल्यामुळे त्यावर धुके उठते आणि सूर्य डोंगरावर येईपर्यंत पलीकडचा काठ दिसत नाही. जांभूळ आणि हिरड्याच्या शेंड्यांवर शेकरू ओरडत होते. पल्लवपुच्छ कोतवाल एकामागून एक पक्ष्यांच्या नकला करत होता, आणि त्यातली कोणती हाक खरी व कोणती त्याची, हे ठरवण्यात मुलांची सकाळ गेली.

वाडीतील एका आजोबांशी नाश्त्यानंतर झालेले बोलणे मात्र माझ्या मनात घर करून राहिले आहे. त्यांच्या भातात गवे शिरतात. एका रात्रीत वर्षाचे धान्य जाते, पंचनामा होतो, भरपाई उशिरा येते. तरीही गव्यांबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. “ते हितलंच हाय, आमीबी हितलंच,” एवढे ते म्हणाले. आपण शहरातले लोक जंगल राखले पाहिजे असे सहज म्हणतो. त्याची किंमत कोण मोजते हे पाहायचे असेल, तर मुक्कामाचे पैसे शक्य तितके थेट त्या वाड्यांपर्यंत पोहोचतील अशी जागा निवडावी. भोगावतीतून जे पाणी प्रयाग चिखलीला पंचगंगेत मिळते आणि आपल्या नळांपर्यंत येते, त्याच्या उगमाशी ही माणसे राहतात.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुक्कामासाठी उत्तम काळ आहे, पण रात्री थंडी चांगलीच बोचते, म्हणून लोकरीची टोपी आणि जाड रग जवळ असावा. पावसाळ्यात जंगलातील वाटा बंद असतात, आणि जळवांची सवय नसेल तर तो काळ टाळलेलाच बरा. खाद्यपदार्थ तंबूत ठेवू नयेत, वास येईल ते सर्व स्वयंपाकघरात द्यावे. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधला तर डोळे अंधाराला सरावलेले राहतात आणि इतरांनाही त्रास होत नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धात, वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेल्यावर, राधानगरीच्या परिसरात काजव्यांनी झाडे लगडतात. तेव्हा मात्र लाल दिवादेखील बंदच ठेवावा, कारण नर उडताना लुकलुकतात, माद्या त्यांना उत्तर देतात आणि आपल्या उजेडात ती उत्तरे हरवतात. काजवे कधी येतील हे वळवाच्या पावसावर ठरते, म्हणून त्या दिवसांसाठी आरक्षण करण्याआधी तेथील वाटाड्यांना फोन करून विचारावे. पाऊस झाला की नाही हे त्यांना आपल्या आधी माहीत असते.