राधानगरीचं पाणी वेदगंगेला येत नाही

बेळगावच्या एका मराठी दैनिकात मी उपसंपादक आहे. निपाणी-चिकोडी भागाच्या बातम्या माझ्याकडे असतात. पावसाळ्यात आमचं सगळं लक्ष कोल्हापूर जिल्ह्याकडे लागलेलं असतं; धरणं तिकडे आणि पूर इकडे. त्यात इथल्या प्रशासनाची पत्रकं कन्नडमधून निघतात, ती मराठीत होऊन वाचकाच्या हाती पडेपर्यंत वेळ जातो. त्यामुळे नदीकाठची माणसं स्थानिक ब्लॉगवर नजर ठेवून असतात. आम्हीही ठेवतो.

त्या जुलैत पावसाने उसंत घेतली नव्हती. संध्याकाळी साडेसातला एका ब्लॉगवर मथळा झळकला : ‘राधानगरीचे सातही दरवाजे उघडले, तासाभरात वेदगंगेला महापूर’. वेदगंगा म्हणजे आमच्या निपाणी भागातली नदी. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. पण राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याचं खरं होतं. ते स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडतात, आणि कोल्हापूरच्या वार्ताहराने मला ते आधीच कळवलं होतं. अर्धी बातमी खरी होती म्हणून उरलेली अर्धी मी तपासलीच नाही. डेस्कवरच्या मुलाने विचारलं, “सर, वेबसाइटवर टाकू?” मी टाक म्हणालो.

पंचवीस मिनिटांनी फोन आला. वेदगंगेकाठच्या एका गावातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. ब्लॉग तेही लिहितात. सकाळ-संध्याकाळ घाटावर जायचं, वरून कितव्या पायरीला पाणी लागलंय ते वेळेसकट लिहायचं, एवढाच त्यांचा ब्लॉग.

“सर, राधानगरी भोगावतीवर हाय. ते पाणी पंचगंगेला मिळतंय, तिथनं नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. आमच्या नदीत पाटगावच्या धरणाचं पाणी येतंय. मी आत्ता घाटावरच उभा हाय. दुपारी नववी पायरी होती, आत्ताबी नववीच. आणि हिकडं लोकं गुरं सोडाय लागल्यात.”

मला दरदरून घाम फुटला. या नद्यांच्या बातम्या मी कित्येक वर्षं हाताळतोय. कुठल्या धरणाचं पाणी कुठल्या नदीत उतरतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. शिवाय 2019 च्या ऑगस्टमध्ये याच वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर चढून वाहतूक बंद पडली होती. ती धास्ती त्या पट्ट्यातून अजून गेलेली नाही. तिथे महापूर हा शब्द वापरताना हात थरथरला पाहिजे.

गुरुजींचं म्हणणं मी तिथल्या तिथे मानलं. त्याला कारण जूनमधली त्यांची एक नोंद. गावाजवळचा बंधारा पाण्याखाली गेला, असं त्यांनी लिहिलं होतं. नंतर ते वाक्य त्यांनी पुसलं नाही. त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली वेळ घालून लिहिलं : ‘हे मी ऐकून लिहिलं होतं, पाहिलं नव्हतं. चुकलं.’

आमच्याकडे वरिष्ठ म्हणाले, बातमी काढून टाका, विषय संपला. मी नाही म्हणालो. ज्याने ती वाचून घर सोडलं त्याला ती चूक होती हे कळणार कसं? बराच वाद झाला. शेवटी बातमी ठेवली, वर ठळक अक्षरात ‘ही माहिती चुकीची आहे’ असं घातलं, दुरुस्तीची वेळ घातली आणि वेदगंगेत कुठलं पाणी येतं तेही लिहिलं. त्या ब्लॉगवरचा मथळा रात्रीतच नाहीसा झाला. तिथे दुरुस्तीची एक ओळही नव्हती.

सकाळी मी त्या गावी गेलो. शाळेच्या व्हरांड्यात चार-पाच कुटुंबं रात्रभर बसून होती. भिंतीला टेकलेल्या एका आजीने उशाला पत्र्याची पेटी घेतली होती. मी कोण ते सांगितलं आणि माफी मागितली.

“त्या मोबाइलवरच्या लिखाणाला कोण इचारतंय?” ती म्हणाली. “तुमच्या पेपरचं नाव हाय म्हणून नातवानं वाचून दावलं. म्हणून निघालो.”

यावर मला काही बोलता आलं नाही. घाटावरून आलेले गुरुजी ओल्या पायांनी शेजारी उभे होते. आजीने माझ्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

“गुरुजी, मग जाऊ का घरला?”

“जावा. दहावी पायरी हाय, पाणी उतरतंय. परत चढलं तर सांगाय मीच येतो.”